गालाच्या आतला चट्टा

कस्तुराबाईच्या हाताला गुण आहे, असं अख्खा धनगरवाडा म्हणायचा. मेंढीच्या गळ्याला गाठ आली की विळा लाल करून ती असा डाग द्यायची, की मेंढी पुन्हा चरायला लागायची. पुढे दुष्काळात हर्सूलचा तलाव तळाला गेला, चराईच्या रानात प्लॉटचे दगड रोवले गेले. मेंढरं विकली आणि नवरा, मल्हारराव, बांधकामावर विटा वाहू लागला. त्याच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली तेव्हा, बायकोच्या हातावर भरवसा म्हणून, त्याने दवाखाना विचारला नाही, तिच्यापुढे मान केली. आणि या बाईने खुशाल विळा टेकवला! सूज आणि खपली यांच्या आड गाठ झाकली गेली, दोघांना वाटलं, बसली. खपली पडली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती.

आता ती दोघं सरकारी दवाखान्यात डॉक्टर श्रेयाबाईंसमोर बसली होती. नवऱ्याचं काय होतंय ही धास्ती होतीच. पण कस्तुराबाईला दुसरी एक भीती आतून कुरतडत होती. मशेरी लावायची त्या बाजूला, गालाच्या आत, दिवाळीपासून पांढरा चट्टा आला होता. जीभ सारखी तिथंच जायची. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणत तिने दिवस काढले होते.

"काका, कॅन्सरच आहे," श्रेयाबाई म्हणाल्या. "गालातून मानेत उतरलाय. आणि मानेवर हे भाजलं कुणी?"

"मीच, मॅडम," मल्हारराव म्हणाला. "डोस्कं फिरलं व्हतं माजं." बायकोकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

कस्तुराबाई पुढे सरकली. "त्यानंच चिडली का गाठ?"

"नाही मावशी. पण मधले महिने वाया गेले." श्रेयाबाई समजावू लागल्या. "शरीरातल्या एका पेशीच्या दोन होतात, म्हणून तर जखम भरते. पण दोन होण्याआधी तिला अडवून तपासणारी राखण असते. बिघाड दिसला तर आधी दुरुस्ती. नाहीच जमली, तर त्या पेशीने मरायचं. काकांच्या तंबाखूने ती राखणच मोडली. आता बिघडलेली पेशी थांबत नाही, मरतही नाही."

कस्तुराबाईला हे चटकन कळलं, आणि कळलं म्हणूनच ती जास्त घाबरली. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी ती स्वतः उभी राहायची. प्रत्येक मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवायचा, खरूज लागलेली दिसली की बाजूला काढायची.

"म्हंजी खरजेली आत शिरली, अन् समद्या कळपाला लागली."

"लागत नाही, मावशी. ती दुसऱ्या पेशीला बाधत नाही. तीच आपल्यासारखी पिल्लं काढत सुटते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. अन् त्यातल्या एकीलाही कुणी अडवत नाही. मग ती जागा कडक होत जाते."

कस्तुराबाईची जीभ पुन्हा चट्ट्यावर गेली. आत्तासुद्धा, बसल्या जागी, तिथं चाराच्या आठ होत असतील का?

"सुरवातीला कसं दिसतंय ते?" तिने विचारलं. "पांढरं असतंय व्हय?"

श्रेयाबाईंनी मान वर केली. "तोंड दाखवा, मावशी."

कस्तुराबाईने ओठ घट्ट मिटले. मल्हारराव आधी नुसता बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुला बी हाय?"

तिच्या डोळ्यांना धार लागली.

"अगं, उघड तोंड." त्याचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "माजं काय व्हायचं ते व्हईल. योगिनीला आपल्या दोघांतलं एक तरी राहू दे."

लेकीचं नाव निघालं आणि कस्तुराबाईचा हट्ट संपला. तिने डोळे मिटून तोंड उघडलं. हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आत फिरलं. चट्ट्याच्या कडेनं गेलं, मधे एका जागी थांबलं, पुन्हा तिथंच आलं आणि दाबून राहिलं. मल्हाररावाने दवाखान्यात चारचौघांत बायकोचा हात धरला.

"इथे कडक लागतंय," श्रेयाबाई हळूच म्हणाल्या.