गव्हाचं घर

जात्याच्या वरच्या पाळूखाली बोट फिरवून भागीरथाने ते उजेडात धरलं. बोटाला काही लागलं नव्हतं. तरी तिने ओल्या फडक्याने दोन्ही पाळू पुन्हा पुसले, खुंट्याजवळची फट काडीने कोरली, जातं उन्हात वाळू दिलं आणि मगच ज्वारीचं सूप जवळ ओढलं. पहिली मूठ दळून ते पीठ तिने अंगणात चिमण्यांना टाकून दिलं. जात्यात कुठे गव्हाचा कण राहिला असेल तर तो त्याच्यासोबत निघून जावा म्हणून.

दुसरी मूठ घालते तोच प्रेमदास दारात उभा राहिला. शनिवार होता, कचेरी अर्ध्या दिवसाची होती, आणि हे ती विसरली होती.

"हे काय होय?"

"ज्वारी."

"ते मले दिसते. घरात कशी आली?"

"मी आणली बजारातून. डाक्तरीनबाईनं तुमच्यासमोरच सांगतलं नं, पोरीले गहू चालत नाई."

"मंग भात घाल."

"दोन्ही टाइम भातच खाऊन राह्यली. पोट नाई भरत तिचं. घडीघडी भूक लागली म्हनते."

प्रेमदासने कोट काढून खुंटीला अडकवला. आवाज न चढवता तो म्हणाला, "माह्या घरात ज्वारी येनार नाई, हे मी तुले लग्नाच्या वेळेसच सांगतलं होतं."

ते खरं होतं. नाचणगावच्या त्यांच्या घरातून निघताना, बैलगाडीत बसल्या बसल्या त्याने नव्या नवरीला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. त्याचा बाप नत्थू गावची महारकी करायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागून आणायच्या असत. बाप तापाने पडला की सात वर्षांचा प्रेमदास जाई. उंबऱ्यापासून लांब उभं राहायचं, हाक द्यायची, आणि आतून बाई येऊन वरून भाकर टाकायची. कधी ती हातात पडे, कधी मातीत. शिळ्या ज्वारीच्या त्या आंबूस वासात त्याचं सगळं लहानपण गेलं. मॅट्रिक होऊन वर्ध्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागला तेव्हा पहिल्या पगारातून त्याने गव्हाचं पोतं आणलं आणि त्या दिवसापासून घरात पोळी सुरू झाली. रोज, दोन्ही वेळ. छप्पन साली नागपूरला जाऊन नवरा-बायको दोघांनी धम्मदीक्षा घेतली, नत्थूने गावकीची कामं सोडली, तेव्हा प्रेमदास बायकोला म्हणाला होता, "आता बुढाही सुटला. आता आपल्या घरानं कोनाची भाकर खाल्ली नाई पाह्यजे."

भागीरथाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शेजारच्या किराणा दुकानवाल्यांच्या सुलोचनाबाईंच्या घरीसुद्धा एक वेळ भाकर असे आणि आपल्याकडे दोन्ही वेळ पोळी, याचा तिला मनातून अभिमान होता.

पोरगी जयवंता दूध सुटल्यापासून तीन वर्षांची होईपर्यंत नाचणगावला आजोबाजवळ होती. वर्ध्याला जागा लहान, म्हणून तिला तिथे ठेवली होती. तिकडे ज्वारीच्या कण्या खाऊन चांगली गुबगुबीत होती. इकडे आणली आणि वर्षभरात तिची रया गेली. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, केस विटलेले, दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. वैद्य झाले, कडू काढे झाले, बाटलीतली लाल औषधं झाली. शेवटी कोणीतरी मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. बाई दक्षिणेकडच्या होत्या, हिंदीत बोलत. त्यांनी पोरीला तपासलं, काय खाते, कधीपासून खाते हे खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "गेहूँ बंद करो. रोटी, सूजी, मैदा, बिस्कुट, कुछ नहीं. एक दाना भी नहीं. चावल दो, ज्वार दो, दाल दो." विलायतेत लढाईच्या दिवसांत गहू मिळेनासा झाला तेव्हा अशी आजारी मुलं आपोआप सुधारली, तिथल्या डॉक्टरांना तेव्हा हे कळलं, असंही त्यांनी समजावून सांगितलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना प्रेमदास म्हणाला, "एखाद्या वकिलाच्या पोरीले सांगतलं असतं का असं? ज्वारी खाय म्हनून?"

"त्या बाईले आपली जात कुठं मालूम?"

"कागदावर नाव असते," तो म्हणाला.

 भागीरथाच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. जयवंताच्या आधी त्यांना एक मुलगा होता. वर्ध्यातच जन्मला. सहा महिन्यांचा झाल्यावर तिने त्याला गव्हाची लापशी सुरू केली होती, मग दुधात कुस्करलेली पोळी. त्याचंही पोट असंच वाढलं होतं, हातापायांच्या अशाच काड्या झाल्या होत्या. दोन वर्षांचा होऊन तो गेला. तो खाईना तेव्हा ती त्याचं नाक दाबून तोंडात घास घालायची. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

त्या शनिवारी प्रेमदास जास्त बोलला नाही. "माह्या ताटाजवळ नको आनू," एवढंच म्हणाला. मग भागीरथाने सगळं वेगळं केलं. पोरीसाठी वेगळा तवा, वेगळी परात, फळीच्या कोपऱ्यात वेगळा डबा. आधी पोरीची भाकर थापून घ्यायची, मग गव्हाची कणीक काढायची, मग हात राखेने घासून धुवायचे. सकाळी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायच्या. दुपारी तो कचेरीत असताना भाकर दुधात चुरून द्यायची. कधी बेसनाचं धिरडं, कधी लाह्यांचा गुळातला लाडू. बाकीच्या पोरांच्या हातात बिस्किट दिसलं की जयवंता रडायची, म्हणून भागीरथाने तांदळाच्या पिठात गूळ-तूप घालून चकत्या केल्या, तव्यावर झाकण ठेवून वर निखारे रचले आणि भाजल्या. काही करपल्या, काही फुटल्या. जयवंता तुकडे घेऊन सुलोचनाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सगळ्यांना दाखवून तिने ते खाल्ले.

दोन महिन्यांत पोरगी ओळखू येईना. पोट बसलं, गालांवर मांस आलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "कोनाचं औषध सुरू केलं व? आमच्या नंदेच्या पोराले पाह्यजे होतं."

"औषध नाई बाई. भाकर देऊन राह्यली," भागीरथा म्हणाली.

हे बोलणं प्रेमदासने आतून ऐकलं. त्या संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, "जगाले सांगत नोको फिरू."

चैत्रात प्रेमदासची नोकरी कायम झाली. त्याने कचेरीतल्या चौघांना घरी जेवायला बोलावलं. तिघांनी कारणं सांगितली. हेडक्लार्क बंडूजी मात्र आले. वरच्या जातीचा माणूस त्यांच्या घरी पाटावर बसून जेवतो आहे, ही गोष्ट प्रेमदासच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. भागीरथाने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वेलदोडा घातलेला शिरा केला होता. बंडूजी मनापासून जेवत होते, मागून घेत होते. प्रेमदासचा चेहरा असा उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता.

जयवंता नवा झगा घालून दाराला टेकून उभी होती. बंडूजींनी तिला जवळ बोलावलं, परातीतली एक पुरी उचलली, तिच्यात शिरा गुंडाळला आणि ती पोरीपुढे धरली. जयवंताने आईकडे पाहिलं.

"तिले..." भागीरथा म्हणाली.

"काऊन? पुरी नाई खात का पोरगी?" बंडूजींनी विचारलं.

प्रेमदास हसला. "खाते नं साहेब. भल्ली आवडते तिले. घे, जयू."

जयवंताने घेतली. पहिला घास भीत भीत खाल्ला, मग भराभर.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जेवताना प्रेमदासने पोरीला शेजारी बसवलं आणि आपल्या ताटातल्या पोळीचा तुकडा वरणात बुडवून तिला भरवला.

"पाहाय. काही झालं का? दोन महिन्यात बरी झाली पोरगी. आता कायले उपाशी मारतं तिले?"

"डाक्तरीनबाई म्हने, एक दानाही..."

"डाक्तरीनबाईले काय जाते सांगाले."

मग तो रोजच भरवू लागला. जयवंताला तर ती मौजच वाटे. बापाने कधी तिला असं मांडीला मांडी लावून बसवलं नव्हतं. सायकलची घंटी वाजली की ती अंगणात धावत जाई. बाप एक घास तिला घाली, एक आपण खाई, कचेरीतल्या गमती सांगे. भागीरथा चुलीजवळून ते दोघांचं हसणं ऐके, आणि तिची तव्यावरची पोळी करपून जाई.

तीन आठवड्यांनी जुलाब परत सुरू झाले.

"उन्हाळा आहे," प्रेमदास म्हणाला. "गल्लीतल्या सगळ्याच लेकराइचे पोट बिघडले."

गल्लीतली लेकरं बरी झाली. जयवंता झाली नाही. पोट पुन्हा तसंच वर आलं. केस फणीला लागून येऊ लागले. ती आता सायकलची घंटी ऐकूनही उठत नसे. एका रविवारी प्रेमदासने तिच्यापुढे पोळीचा घास धरला आणि तिने तोंड फिरवलं. "खाय बेटा, ताकद येईन," म्हणत त्याने तिची हनुवटी धरली.

भागीरथाने उठून त्याचा हात बाजूला केला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण असं तिने कधी केलं नव्हतं.

"थोरल्यालेही मी असंच खाऊ घातलं," ती म्हणाली. "नाक दाबून. माह्या या हातानं."

प्रेमदासने हातातला घास ताटात ठेवला. 

"म्हनजे तू म्हनतं, मी त्याले..."

"तुमी नाई. मीच. तवा मालूम नोतं मले. आता मालूम हाय."

त्याने ताट सरकवलं. मग हात धुऊन, कोट घालून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर भागीरथाने दोन लुगडी आणि पोरीचे झगे बांधले. पोरीचा वेगळा तवा घेतला. सुलोचनाबाईंना म्हणाली, "यायनं विचारलं तर सांगजा, नाचनगावले गेली." दुपारच्या पॅसेंजरने ती पुलगावला उतरली आणि पोरीला कडेवर घेऊन नाचणगावच्या वाटेला लागली.

नत्थू म्हातारा झोपडीबाहेर दोर वळत बसला होता. त्याने नातीचं पोट पाहिलं, काड्या झालेले पाय हातात धरून पाहिले.

"प्रेमदासले सांगून आली का, बाई?"

"नाई, मामाजी."

त्याने जास्त विचारलं नाही. "ज्वारी आहे अजून थोडी," एवढंच म्हणाला.

ती थोडी ज्वारी लवकर संपली. गावकी सोडल्यापासून त्या घरात हक्काचं धान्य येत नव्हतं. भागीरथा निंदणाला जाऊ लागली, मग कापूस वेचायला, मग ज्वारी कापायला, सोंगणीला. मजुरी म्हणून मिळालेली कणसं ती घरी आणून बडवी. बारा वर्षं सावलीत राहिलेले हात पहिल्या महिन्यातच फाटले. कचेरीतल्या बाबूची बायको वावरात येते, म्हणून बाकीच्या बायका सुरुवातीला तिच्याशी जपून बोलत. मग त्यांनाही सवय झाली.

जयवंता सुधारली. वेळ लागला, पण सुधारली.

पहिल्या महिन्यातच प्रेमदास आला होता. पोरीला उचलून घेतलं, मग भागीरथाला म्हणाला, "घरी चाल."

"तिले पोळी नाई देनार, असं म्हना."

"नाई देत."

"घरात ज्वारी येऊ द्यान? तुमच्यासमोर चुलीवर भाकर होईन, पोरगी तुमच्यासमोर खाईन. चालते?"

त्याने पोरीला खाली ठेवलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले तो वास नाई सहन होत, भागीरथा. मी काय करू?"

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. तो नुसता हट्टी असता तर ती त्याच्याशी भांडली असती. ती भांडली नाही, आणि गेलीही नाही.

तेव्हापासून तो पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, रविवारी येई. पोरीसाठी पाटी आणी, झग्याचं कापड आणी, तिला बाराखडी म्हणायला लावी. गावातली माणसं त्याला बाबू म्हणत, ओट्यावर बसवत. एकोणसाठच्या पौषात तो असाच आला तेव्हा भागीरथा नुकतीच वावरातून आली होती. सोंगणी सुरू होती, रविवारचीही सुटी नव्हती. तिने चूल पेटवली, वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या. नत्थूसाठी, जयवंतासाठी, स्वतःसाठी ताटं मांडली. चौथं ताटही मांडलं, ते ती दर वेळी मांडत असे.

"जेवतं का रे, बाबू?" नत्थूने विचारलं.

"जेवून आलो."

सकाळच्या गाडीने निघालेला माणूस कुठे जेवून येणार, हे तिघांनाही माहीत होतं. तो दाराजवळ, वारा येतो तिथे, भिंतीला टेकून बसला. जयवंता सहा वर्षांची झाली होती. दंड भरले होते, दोन घट्ट वेण्या होत्या. ती भाकर मोडून भाजीला लावत होती, बोटं चाटत होती, मधेच शाळेतलं काही सांगत होती. तो तिच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं की काय होतं, ते भागीरथाला शेवटपर्यंत कळलं नाही.

जयवंताने भाकरीचा पापुद्रा सोलला, उठून त्याच्याजवळ गेली आणि तो त्याच्या हातात दिला.

"घ्या बाबा. गरम आहे."

त्याने घेतला. पोरगी समोर उभी होती तोवर तो हातात धरून बसला. मग गाडीची वेळ झाली. त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, बापाच्या पाया पडला, आणि निघताना पापुद्रा कोटाच्या खिशात ठेवला.

भागीरथा दारात उभी राहून पाहत होती. पुलगावची वाट तिथून लांबपर्यंत दिसते. तो खिशावर हात ठेवून चालत होता. वळणापर्यंत त्याने काही खाल्लं नाही, काही टाकलंही नाही. मग तो दिसेनासा झाला.

ती आत आली. उष्टी ताटं धुवायला बाहेर नेली. चौथं ताट कोरडंच होतं. ते तिने पदराने पुसलं आणि फळीवर उभं करून ठेवलं.