आत्याचा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज गेला, तोंडाचा पट्टा मात्र शाबूत राहिला. ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर बोलायचा. आता तो जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, आणि त्यातला बोलणारा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर चालायला तयार नव्हता.

भाचीला असल्या भानगडी मनापासून आवडत. तिने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. त्या स्क्रिप्टने जुन्या लिनक्सची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं सामान, हुडकून आणली आणि नव्या कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात त्यांचा वेगळा संसार थाटून दिला. प्रोग्रामला त्या फोल्डरबाहेरचं काहीच दिसत नव्हतं. आपण जुन्याच घरी आहोत असं समजून तो बिचारा बोलू लागला.

आत्याने हौसेनं धाकट्या बहिणीला फोन लावला.

"मी बोलतेय," कॉम्प्युटर म्हणाला.

"कोण? ताईला द्या फोन."

"मीच ताई."

बहिणीने फोन ठेवला. नंतर तिचे फोन येत राहिले, पण आत्याने एकही घेतला नाही. 'ही कोण भवानी माझ्या नावानं बोलतेय?' असं पाटीवर लिहून ती गप्प बसली. बडबड्या माणसाचं गप्प बसणं घराला सोसत नाही. भाचीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. पॅकेजेस तीच, आवृत्त्या त्याच, मग आवाज बदलला कसा, पाणी मुरतंय कुठं?

तिने दोन्ही कॉम्प्युटरांना एकच वाक्य बोलायला लावलं आणि ते फाइलीत साठवलं. फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या. स्पीकर बदलून पाहिले, तरी फरक तसाच. राहता राहिलं जुन्या कॉम्प्युटरमधलं साउंडकार्ड, फाइलीचा आवाज करून स्पीकरला पोचवणारं. ते मुळातच जरा संथ होतं, म्हणून आवाज जाड आणि सावकाश येई. फोल्डरात सगळं आणता येतं, पण कार्डाचा आजार कुठल्या पॅकेजात मिळणार?

"आत्या, तुझा आवाज इतकी वर्षं चुकीचाच येत होता गं. नवा आहे तो बरोबर."

'बरोबर असेल. माझा नाही,' आत्याने लिहिलं.

मग भाचीने स्क्रिप्टच्या शेवटी आवाज थोडा संथ करणारी एक ओळ घातली. आत्याने पुन्हा फोन लावला.

"मी बोलतेय."

पलीकडे बहीण एकदम भडकली.

"होतीस कुठं गं ताई? कोण बाई तुझा फोन घेऊन बसली होती? माझ्या मनात नाही नाही ते आलं."