राबाच्या राखेचा चंद्र

मानसीने धूळ सतरा वेळा बनवली होती आणि सतराही वेळा ती परत आली होती. मुंबईच्या एका कंपनीसाठी ती महाडच्या घरी बसून कॉम्प्युटरवर जुन्या सिनेमांची डागडुजी करायची. या खेपेला वाट्याला आला होता पन्नास वर्षांपूर्वीचा एक हिंदी सिनेमा. यान चंद्रावर उतरतं, धूळ उडते आणि सावकाश खाली बसते. या प्रसंगाची सुरुवात शाबूत होती, शेवटही होता. मधली बावीस सेकंदं रिळाला लागलेल्या ओलीने खाऊन टाकली होती. तेवढी भरून काढायची, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. कंपनीतले विनीतसर दर वेळी तेच सांगायचे, की तुझी धूळ सुंदर आहे, पण ती या सिनेमातली वाटत नाही. सोमवारपर्यंत जमलं नाही तर त्या जागी काळी पाटी लागणार होती, 'हा भाग उपलब्ध नाही'. मानसीला ती पाटी आपल्याच कपाळावर लागल्यासारखी वाटत होती.

शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन आजोळी गेली, पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला. आजोबा काशीराम आता ऐंशीच्या पुढे गेलेले, हात थरथरणारे. तरुणपणी ते मुंबईच्या स्टुडिओत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काय करायचात म्हणून विचारलं तर म्हणायचे, पाणी भरायचो. मग पुढे कोण कशाला विचारतंय? मानसीनेही विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याची जरा करमणूक म्हणून तिने त्यांना यान उतरताना दाखवलं. काशीरामांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितलं.

"ही राख माझी हाय गो," ते म्हणाले.

काखेत कळसा नि गावाला वळसा तो हाच. मग त्यांनी सगळं सांगितलं. सिनेमाला पैसा असा नव्हताच. यान म्हणजे कंदिलाची टाकी, वर चहाची गाळणी, त्यावर रुपेरी रंग. दिग्दर्शकाला मात्र धूळ चंद्रावरच्यासारखी अलगद पडायला हवी होती. त्यासाठी लागणारा, हालचाल संथ दाखवणारा कॅमेरा परदेशातून भाड्याने आणावा लागला असता, म्हणजे विषयच संपला. सेट लावणारे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा पाणी भरणारा काशीराम मागून म्हणाला, पाण्यात करा की. त्याची आई राखेने भांडी घासायची. तपेल्यातली राख तळाला जाताना कशी रमतगमत जाते, ते त्याने लहानपणी किती वेळा पाहिलं होतं.

सगळे हसले आणि मग काचेची टाकी आणली. काशीराम एसटीने गावी येऊन राबाची राख घेऊन गेला. भाताच्या पेरणीआधी शेतात ऐनाच्या फांद्या नि पाला पसरून भाजतात, ती. चुलीच्या राखेत कोळसा फार. ही वस्त्रगाळ करायची, पाण्यात सोडायची, तरंगेल ती फेकायची आणि बुडेल ती ठेवायची.

गुरुत्वाकर्षणाचे आकडे बदलून बदलून मानसी थकली होती, आणि तो चंद्र मुळात पाण्याखाली होता! तिने ठरवलं, आपणही असंच करायचं.

मे महिना होता, राब नुकतेच भाजून झाले होते. वरच्या वाडीच्या नाथूने पाटीभर राख दिली आणि टाकीत भात लावताय काय म्हणून चेष्टाही केली. यान पुन्हा कंदिलाच्या टाकीचंच केलं. महाडहून काचेची टाकी आली आणि शनिवारी मानसीने घाईघाईने नळाचा पाइप लावून ती भरली. बघते तो काचेवर, यानावर, जिथे तिथे बुडबुडे! चंद्राला घाम फुटला होता. काशीराम रागावले नाहीत. त्यांनी टाकी रिकामी करायला लावली, आतली हवा निघून जावी म्हणून बंबात पाणी उकळून रात्रभर निवत ठेवलं आणि रविवारी सकाळपासून तांब्या तांब्याने, काचेला लावलेल्या ओल्या फडक्यावरून ते आत सोडत बसले. हात थरथरत होता, पण धार मोडली नाही. दुपारपर्यंत टाकी भरली, आणि आत पाणी आहे हे हात घातल्याशिवाय कळू नये, इतकी नितळ. पाणी भरणं म्हणजे काय, ते मानसीला त्या दिवशी कळलं. घरातल्या कुणीच कधी विचारलं नाही, याची तिला लाज वाटली.

खेळ एकदाच होता. राख एकदा उठली की पाणी गढूळ, आणि नितळायला दोन दिवस. मागे काळं कापड, बाजूला एक दिवा, समोर कॅमेरा. राखेखालून रबरी नळी काढली होती, तिच्या टोकाला कान धुवायची पिचकारी. ती काशीरामांनी हातात घेतली, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि मानसीकडे दिली.

"जोर नाय लावायचा," ते म्हणाले. "आजारी मानसाला पेज पाजतो ना, तसा हात ठेव."

तिने दाबलं. राख उठली, यानाभोवती उभी राहिली आणि मग, जणू काही काळवेळ नसल्यासारखी, खाली येऊ लागली. राख कुणाच्या शेतातली, पाणी कुठल्या बंबातलं, सगळं मानसीला ठाऊक होतं. तरी तिला चंद्रच दिसला. शेवटचा कण बसेपर्यंत तिने कॅमेरा चालू ठेवला.

संध्याकाळी तिने रंग जुळवून तुकडा पाठवला. तासाभराने विनीतसरांचा एका शब्दाचा निरोप आला, 'बसलं.' तिने तिन्ही तुकडे जोडून आजोबांना दाखवले. ते पडद्याजवळ वाकले. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग बोट काचेवर टेकवून त्यांनी विचारलं, "यातलं माझं कुठलं नि तुझं कुठलं?"

मानसी सांगायला गेली आणि थांबली. तिला फाइलचं नाव बघावं लागलं.