ध्वनीचा रकाना

तक्रार अशी होती की आवाज येत नाही.

प्रार्थनास्थळ परवाना खात्यात बावीस वर्षं घासलेल्या तपासनीसाने तो कागद दोनदा वाचला. एरवी तक्रारी आवाजाच्या असायच्या. घंटा, भोंगे, टाळ्या, गाणी. एकदा तर कोणीतरी पहाटे देवाशी मोठमोठ्याने भांडतं, अशीही आली होती. पण हे पत्र लिहिणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं दुखणं वेगळं होतं. ‘माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी चौदा माणसं जातात, दोन तास थांबतात. या वेळात वरून काहीही ऐकू येत नाही. त्यामुळे मन अस्वस्थ होतं. चौकशी व्हावी.’

खात्याचा कायदा दोन कलमांचा होता. पहिलं कलम फार सुंदर होतं: प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, आणि ती श्रद्धा कोणती, हे कोणीही कोणाला विचारू नये. दुसरं कलम असं होतं: पाच किंवा अधिक माणसांनी विनापरवाना एकत्र प्रार्थना केली, तर ती जागा सील करावी. आता विचारायचं तर नाही आणि कळायला तर हवं, म्हणून खात्याने तपासनीस नेमले होते. ते बघून ठरवत.

बघण्यासाठी एक नमुना छापलेला होता. त्यात पाच रकाने: ध्वनी, वस्तू, वेश, दिशा, हालचाल. आमच्या तपासनीसाने बावीस वर्षांत एकही चुकीची नोंद केली नव्हती. कचेरीत त्याला मागून ‘फूटपट्टी’ म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. एका घरात म्हातारा गुणगुणत होता, तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘सदर गुणगुणणे धार्मिक स्वरूपाचे नसावे.’ हे ‘नसावे’ वरिष्ठांना इतकं आवडलं की नव्या लोकांना ते नमुन्यादाखल शिकवायला लागले.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. दोन खोल्या, आतल्या खोलीत राहणं, बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, कापायचं टेबल आणि लोकांचे उसवलेले कपडे. शनिवारी सकाळी मशिनांवर चादरी पडत आणि खोलीत खुर्च्या, बाकं, स्टुलं मांडली जात. तपासनीस गेला तेव्हा चौदा माणसं गोलात बसली होती. शिंपीणबाईंच्या गळ्यात मापाची पट्टी होती. त्यांनी ओळखपत्र नीट वाचलं आणि त्याला एक खुर्ची दिली.

“तुम्ही इथे काय करता?” त्याने दबक्या आवाजात विचारलं. एवढं विचारायची कायद्याने मुभा होती.

“बसतो.”

“बसून?”

“बसूनच.”

“परवान्यासाठी अर्ज केला होतात म्हणे.”

“दोनदा केला, साहेब. संस्थापकाचं नाव विचारलं होतं, ते कोणालाच माहीत नाही. ग्रंथ विचारला होता, तो नाही. तुमच्याकडून उत्तर आलं की अर्ज अपूर्ण आहे.” बाई पुढे हसून म्हणाल्या, “आता जे नाहीच ते कुठून भरणार?”

तपासनीस दोन तास बसला. ध्वनी: नाही. वस्तू: शिलाई मशिनं दोन, झाकलेली. वेश: साधा. दिशा: ज्याचं तोंड जिकडे तिकडे. हालचाल: नाही. ‘हालचाल’च्या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला, कारण खोलीत एकच गोष्ट हलत होती आणि तो त्याचा स्वतःचा उजवा पाय होता. बसला की गुडघा हलवायची त्याची सवय जुनी. खुर्ची कुरकुरायला लागली, तेव्हा शिंपीणबाई उठल्या, अस्तराच्या कापडाची घडी खुर्चीच्या पायाखाली सरकवली आणि परत जागेवर जाऊन बसल्या.

कचेरीत त्याच्या साहेबांनी नमुना पाहून कपाळाला हात लावला. “अहो, पाच रकान्यांत एकही ‘होय’ नाही? मग ती माणसं तिथे काय हवा खायला जातात? ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं ही. सगळ्या गल्लीला माहीत आहे ते काय करतात.”

“गल्लीने नमुना भरून द्यावा,” तपासनीस म्हणाला. त्याला यात काही विनोद वाटला नव्हता.

“पुढच्या शनिवारी पुन्हा जा. आणि एक होकार घेऊनच या. जागा सील करायची म्हणजे काय, आपण काय फाशी देतोय?”

फाशी नव्हती. फक्त मशिनं आत आणि बाई रस्त्यावर, एवढंच.

दुसऱ्या शनिवारी ध्वनी मिळाला. कोपऱ्यात बसणारा पोस्टमन घोरायला लागला. तपासनीसाने पेन्सिल सरसावली, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि लिहिलं, ‘एक इसम घोरत होता. सदर घोरणे धार्मिक स्वरूपाचे नसावे.’ साहेबांनी हा कागद वाचून पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाले, नियमाने तिसरी भेट शेवटची. नंतर प्रकरण कोर्टात जाईल.

या दिवसांत तपासनीसाच्या घरीही आवाज नव्हता. बायकोच्या घशातली गाठ काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही. ज्या बाईने तीस वर्षं सकाळी चहाबरोबर नवऱ्याला त्याचे दोष वाढले, तिच्या तोंडाला कुलूप आणि हातात पाटी आली. पाटीवरही ती कमी नव्हती. ‘टॉवेल गादीवर.’ ‘चष्मा डोक्यावर आहे, शोधताय काय.’ ‘पाय!’ हा शेवटचा शब्द दिवसातून पाच-सहा वेळा यायचा आणि त्याखाली दोन रेघा असायच्या. पण पाटी बघायला मान वर करावी लागते. पूर्वी तो वर्तमानपत्रामागे तोंड खुपसून बोलणी खायचा, ते सुख गेलं होतं. बोलणी खाणं हे सुख होतं, हेही त्याला आताच कळत होतं.

तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दोन महिने भरले. डॉक्टर म्हणाले, बोला. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या, पुन्हा हवाच. डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सरळ केले. “धीर धरा. येईल. किंवा...” घरी येताना तिने पाटी काढलीच नाही. नवऱ्याने वाटेत मुद्दाम चिखलात बूट घातला, तरी नाही.

शनिवारी तो त्याच खुर्चीवर बसला. नमुना मांडीवर, पेन्सिल हातात. चौदा माणसं, दोन मशिनं, खिडकीतून येणारं ऊन. त्याने ‘ध्वनी’ या रकान्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम भरून आलं. पेन्सिल त्याने खिशात ठेवली. शेवटची प्रार्थना त्याने कधी केली होती ते त्याला आठवेना. शाळेत गणिताच्या पेपराआधी केली असावी, आणि ती फळली नव्हती. कोणाला उद्देशून बोलायचं तेही कळेना. त्याच्याकडे नोंदलेल्या अकरा धर्मांची यादी होती, पण त्यातला एकही पत्ता त्याचा स्वतःचा नव्हता. मग त्याने कोणालाच उद्देशून न म्हणता म्हटलं, तिला बोलू दे. गोड नको. मला ओरडली तरी चालेल. ओरडूच दे.

दोन तास कसे गेले ते त्याला समजलं नाही. माणसं उठली तेव्हा नमुना कोरा होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कोर्टात शिंपीणबाई मापाची पट्टी गळ्यातच विसरून आल्या होत्या. न्यायाधीश वयस्कर बाई होत्या. सरकारी वकिलांनी तपासनीसाला खरं बोलण्याची शपथ दिली आणि विचारलं, “तीन भेटींत तुम्ही काय पाहिलंत?”

“चौदा माणसं बसलेली पाहिली.”

“ती प्रार्थना करत होती की नव्हती?”

“मला प्रार्थना दिसली नाही.”

“मग तिसऱ्या भेटीचा नमुना कोरा का? काय लपवताय?”

“लपवत नाही. मी त्या दिवशी त्यांच्याकडे पाहतच नव्हतो.”

“सरकारी कामावर गेलात आणि पाहत नव्हता? मग दोन तास करत काय होतात?”

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. “साक्षीदाराला सांगते, इथे पहिलं कलम लागू होऊ शकतं. उत्तर द्यायची सक्ती नाही.”

गप्प राहिला असता तर चाललं असतं. साहेब मागच्या बाकावरून डोळ्यांनी तेच सांगत होते. पण कोरा रकाना त्याला आठ दिवस डाचत होता. शिवाय वकील त्या कोऱ्या कागदावर आता हवं ते लिहून घेणार, हे उघड होतं.

“तिथे प्रार्थना झाली,” तो म्हणाला.

शिंपीणबाईंनी डोळे मिटले. साहेब पुढे सरकले. वकिलांचा आवाज चढला. “किती जणांनी केली?”

“एकाने.”

“कोण तो?”

“मी.”

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बाकीच्यांचं?”

“बाकीच्यांच्या मनातलं मला सांगता येणार नाही. मी फक्त माझी नोंद देऊ शकतो. ती पक्की आहे.”

निकाल पाच ओळींचा होता. सदर जागेत विनापरवाना प्रार्थना झाल्याचं सिद्ध होतं. प्रार्थना करणाऱ्यांची संख्या एक. कायद्याला पाच लागतात. चार कमी पडतात. जागा सील करता येणार नाही.

साहेबांचा निकाल त्याच दिवशी आला आणि तो एका ओळीचा होता: तपासणीच्या वेळी तपासणीच्या विषयात सहभाग घेतल्याबद्दल निलंबन.

कोर्टाच्या पायऱ्यांवर शिंपीणबाई त्याच्यापाशी थांबल्या. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं, हे दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “साहेब, तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय. शनिवारी आणा.”

घरी त्याने सगळं सांगितलं. बायकोने लिहिलं, ‘निलंबन? शाबास. गप्प बसता येत नव्हतं?’ मग पुसून लिहिलं, ‘प्रार्थना कशासाठी केलीत?’

“तुझ्यासाठी.”

तिने पाटी पुसली, कोरी झाल्यावरही पुन्हा पुसली. मग लिहिलं, ‘काय मागितलंत?’

“ते विचारता येत नाही. कलम एक.”

निलंबित माणूस घरात फार जागा व्यापतो. दोन आठवड्यांत ती त्याला कंटाळली. तिसऱ्या शनिवारी तो कोट घालून निघाला, तेव्हा तिने लिहिलं, ‘मीही येते. न बोलणाऱ्यांत मी शोभेन.’

खालच्या दातांच्या डॉक्टरांनी तोवर नवी तक्रार केली होती: शांतता वाढली आहे. त्यामुळे वर खुर्चीवर नवी तपासनीसबाई बसलेली होती. मांडीवर नमुना, हातात टोक केलेली पेन्सिल. तिला हे काम आमच्याच तपासनीसाने शिकवलं होतं. तिने उठून “या सर” म्हटलं आणि मग आपण कामावर आहोत हे आठवून खाली बसली. तपासनीसाला तिच्या शेजारचं स्टूल मिळालं, बायकोला त्याच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची.

सगळे बसले. ऊन आलं. पोस्टमनची मान कलली. तपासनीसाने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने, नेहमीप्रमाणे, त्याचा उजवा पाय हलायला लागला. स्टूल कुरकुरलं. बायकोने पाटीसाठी पिशवीत हात घातला. पाटी घरी राहिली होती. तिने त्याला कोपर मारलं. त्याला कळलं नाही. तिने आणखी एकदा मारलं.

“पाय हलवू नका!”

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता, पण आवाज होता. खोलीभर झाला. पोस्टमन दचकून जागा झाला, चौदाही माणसांनी डोळे उघडले. बायकोचा हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर गेला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. शरमेने लाल व्हावं की रडावं, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

तपासनीसाचं ठरलं होतं. त्याचे डोळे घळाघळा वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

नव्या तपासनीसबाईने मात्र कामात कसूर केली नाही. शिकवल्याप्रमाणे ‘ध्वनी’च्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात नोंद केली. शेजारी बसलेल्या त्याला, ओल्या डोळ्यांनीसुद्धा, ती नीट वाचता आली: ‘एका महिलेने पतीस दटावले. सदर दटावणे धार्मिक स्वरूपाचे नसावे.’

नोंद चुकीची होती, आणि जगात ती दुरुस्त करू शकणारा एकच माणूस होता. त्याने ती तशीच राहू दिली आणि पाय हलवायचा थांबवला.