सासूच्या तोंडी जावयाचं नाव

गोळी सुटली तिकडे पॅसिफिकमधल्या बोगनविल बेटाच्या डोंगरात, पण ज्या खाणकंपनीच्या पहारेकऱ्यांनी ती झाडली तिचं घर मेलबर्नला, म्हणून खटलाही मेलबर्नला. मेला तो अगाथाम्हातारीचा जावई. डोळ्यांनी पाहणारी ती एकटीच, म्हणून ती साक्षीला उभी.

जावई लाखात एक. सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही, ही तिकडची रीत त्यानं जन्मभर पाळली. सासू वाटेत दिसली की गडी लाजून झाडीत शिरायचा. सकाळी मात्र तिच्या दाराशी फोडलेली लाकडं आणि वर एखादा मासा. मग म्हातारी कोंबडीला मोठ्यानं सांगायची, "आज मीठ संपलं गं बाई!" लेकी बोले, सुने लागे. दुसऱ्या दिवशी मीठ हजर. अशी माया मी बोलक्या घरांतही पाहिली नाही.

कंपनीचा वकील गोड हसला. "आजी, मेलेल्याचं नाव?"

"माझ्या लेकीचा नवरा."

"लेकी तीन आहेत तुम्हाला. नाव सांगा."

अगाथानं ओठ मिटले. वकील न्यायाधीशांकडे वळला. "नावही ठाऊक नाही! आमच्या मते तो कुणी अनोळखी चोर होता."

तिच्या वकीलबाईनं उठून रीत समजावली. न्यायाधीश मऊ आवाजात म्हणाले, "मग नाव लेकीला विचारू."

"नको," अगाथा म्हणाली आणि कंपनीच्या वकिलाकडे वळली. "चोर कुणाला म्हणतो रे? बोनिफास सिराविना! माझा जावई, बोनिफास सिराविना!"

न्यायाधीशांनी नाव लिहून घेतलं. मागे बसलेल्या थिओनिलानं, त्याच्या बायकोनं, तोंडावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर ती रडता रडता हसली. "आई, केवढी गं निर्लज्ज तू!"

"घरी गेल्यावर डुक्कर कापू. मोठं. नाव घेतल्याचा दंड भरायला नको?"

"भर. तो ऐकता तर मेल्याहून मेला असता."

अगाथा पायरीवर बसली. "त्या दिवशी बंदुका मला आधी दिसल्या गं. मी नुसतीच 'अरे, अरे' करत राहिले. तेव्हाच नाव घ्यायला हवं होतं. लाजेनं तरी झाडीत शिरला असता."

थिओनिलानं आईचं डोकं छातीशी धरलं.