छप्पन अंशांची वेज

“काका, हिच्यात आता काही राहिलं नाही.” दुकान सांभाळणाऱ्या प्रणालीने वेजच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि ती तुळशीरामपुढे धरली. “या रेघा बघा. नख अडकायला पाहिजे. सरळ घसरतंय. चेंडू थांबणार कसा?”

तुळशीराम घरतने नख फिरवून बघितलं नाही. “फर्नांडिस साहेबांची हाय ती,” तो म्हणाला. “त्यांनीच दिलेली.”

“मग जपून ठेवा. पण खेळू नका हिच्यावर.”

गोल्फच्या मैदानाला लागून असलेल्या त्या छोट्या दुकानात सकाळी दुसरं कुणी नव्हतं. भिंतीला ओळीने वेज टांगलेल्या होत्या. होलच्या जवळ आल्यावर चेंडू उंच उचलून अलगद टाकायच्या, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढायच्या या आखूड, तिरप्या तोंडाच्या काठ्या. त्यांतली कुठली घ्यायची, हे तुळशीराम ठरवूनच आला होता.

त्रेसष्ट वर्षांचा तुळशीराम उरणकडचा. बापाचं मिठागर आणि भाताची जमीन बंदरात गेली. तो आधी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, मग स्वतःचे ट्रेलर झाले. आता ते सगळं मुलगा विनेश पनवेलच्या ऑफिसातून बघतो आणि राहतोही तिथेच. नातवंडं लहान म्हणून बायको काशीही त्याच्याकडे असते. रविवारी येते, चार दिवसांचं रांधून फ्रीजमध्ये ठेवते आणि जाते. गावातल्या दुमजली बंगल्यात तुळशीराम एकटा.

गोल्फ त्याला फर्नांडिस साहेबांनी लावलं. ते बंदरात जहाजांचे एजंट होते. “तुळशी, एवढे खांदे देवाने दिलेत, नुसतं स्टिअरिंग काय फिरवतोस?” असं म्हणत त्यांनी त्याला धरून आणलं, मेंबर केलं, आपल्या जुन्या काठ्या दिल्या. अकरा वर्षं दोघं रोज सकाळी खेळले. गेल्या वर्षी साहेबांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना कॅनडाला नेलं. तेव्हापासून तुळशीराम एकटाच खेळत होता. बाकीचे मेंबर भेटले की ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आणि आपापल्या चौकडीबरोबर पुढे जायचे.

पण मंगळवारी पार्किंगमध्ये निकेत शेठने त्याला हाक मारली होती. “घरतसाहेब, शनिवारी या ना आमच्यात. एक माणूस कमी पडतोय.” निकेत शेठची चौकडी म्हणजे इथली सगळ्यांत मानाची. तुळशीराम हो म्हणाला आणि त्याला पावसाळ्याआधीची स्पर्धा आठवली. वाळूच्या एका खड्ड्यात त्याने पाच फटके घालवले होते. वर उभे असलेले तिघं आधी हसले, मग मोबाइल बघत बसले. ते मोबाइल बघणं त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

“निकेत शेठकडं साठ अंशांची हाय. मना तीच दे,” तो म्हणाला.

“निकेत सर काय वापरतात ते मला माहीत आहे. तुम्ही कसं मारता ते माहीत नाही,” प्रणाली म्हणाली. “चला, मारून दाखवा.”

दुकानामागे सरावासाठी वाळूचा खड्डा होता. तुळशीरामने जुन्या वेजने तीन फटके मारले. दोन चेंडू वाळूतच राहिले, तिसरा भिंतीसारख्या काठावर आपटून परत पायाशी आला. त्याने चोरून तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. वाकून वाळूत पडलेला खड्डा बोटाने मोजत होती.

“केवढी खोल जातेय! तुम्ही वरून घालता काका, कुदळ घातल्यासारखी.”

“जवानीत कुदळच घातली ना.”

“मग कुदळीची सवय सोडू नका. काठी बदलू.” तिने दोन वेज उलट्या करून त्यांचे तळ दाखवले. “लोक नुसतं तोंड बघतात, किती तिरपं आहे ते. तळ कुणी बघत नाही. हिचा तळ सपाट आहे, वाळूत सुरीसारखी शिरते. कडक जमिनीवर, हलक्या हाताच्या माणसाला बरी. निकेत सरांची अशी आहे. हिचा तळ बघा, मागून फुगीर. ही आत शिरायला लागली की हा फुगवटा तिला वर उचलतो. आपल्याकडची वाळू पावसानंतर मऊ असते, आणि तुमचा हात जड. तुम्हाला ही पाहिजे. छप्पन अंश.”

तुळशीरामने फुगवट्यावरून तळवा फिरवला. मिठागरात चिखल सारखा करताना बाप ओरडायचा ते त्याला आठवलं. फळीची पुढची कड उचल, नायतर रुतंल. इतकी वर्षं इथल्या लोकांच्या तोंडी ऐकलेला ‘बाऊन्स’ म्हणजे हाच फुगवटा, हे त्याला आत्ता कळलं.

त्याने मारलं. वाळूचा एक पातळ पापुद्रा उडाला आणि चेंडू त्याबरोबर वर येऊन गवतावर पडला.

“आयला!” तो म्हणाला.

मग दुकानात परत आल्यावर तिने पुष्कळ विचारलं. साध्या, कमी तिरप्या पिचिंग वेजने चेंडू किती यार्ड जातो? बोटं दुखतात का? उन्हात चमकलं तर त्रास होतो का? तुळशीराम एकेक उत्तर देत गेला. स्वतःबद्दल एवढं त्याला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. पिचिंग आणि ही छप्पनची यांच्यामध्ये अजून एक वेज बसते, असं तीच म्हणाली, पण आत्ता नको. “आधी वाळूतून तर बाहेर या.”

“सोबत कोण असतं?” तिने वहीत लिहिता लिहिता विचारलं. “कुणी बघत असलं की घाई होते का?”

“असतात की चारपाच जन.”

ती लिहीत राहिली. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

“कोन नसतं पोरी,” तो म्हणाला. “मी एकलाच असतो.”

प्रणालीने मान वर केली नाही. “मग निवांत मारता. चांगलं आहे,” ती म्हणाली आणि तेही लिहून घेतलं.

चकचकीत वेज त्याने नाकारली. बिनमुलाम्याची एक होती, पण खाडीच्या हवेत महिन्याभरात गंजेल असं प्रणालीच म्हणाली. काळपट रंगाची घेतली. सांध्यांना बरं म्हणून तिने जाड मूठ बसवून दिली.

शुक्रवारी तो दिवसभर सरावाच्या वाळूत होता. दुपारी काशीचा फोन आला.

“जेवलात का?”

“जेवतो. अगं, नवीन वेज घेतली. हिचा तळ असा...”

“फ्रीजात बोंबलाचं कालवण हाय, ते संपवा आधी. बाळ्या रडतोय, ठेवते.”

शनिवारी तो अर्धा तास आधीच पोचला. इस्त्रीचा पांढरा टी-शर्ट घातला होता. सुरुवातीच्या जागेवर निकेत शेठ उभा होता आणि त्याच्यासोबत तिघं होते.

“अरे घरतसाहेब! सॉरी हं, मेसेज करायचा राहूनच गेला. आमचा पार्टनर दुबईहून आला काल. नेक्स्ट टाइम नक्की!”

“न्हाय न्हाय, खेळा तुमी,” तुळशीराम म्हणाला आणि बॅग घेऊन बाजूला झाला.

ते गेले. मागची चौकडीही त्याने पुढे जाऊ दिली. मग टेबलाशी बसलेल्या क्लबच्या अनंताने नेहमीसारखं फटके लिहायचं एक कार्ड त्याच्या हातात दिलं, आणि तो एकटा निघाला.

सातव्या होलला त्याचा चेंडू वाळूत गेला. काठाखाली अर्धा बुडाला होता आणि वर होलमधल्या झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं. तुळशीरामने पाय घट्ट रोवले. घाई करायचं काही कारण नव्हतं. फटका बसला तो हाताला जाणवलासुद्धा नाही. चेंडू उंच गेला, काठापलीकडे दिसेनासा झाला. तो धापा टाकत वर चढला. चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर होता.

“साहेब, बघितलंत?” तो वळून मोठ्याने म्हणाला.

मागे मोकळं गवत होतं. खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन हळूहळू हलत होत्या.

त्या दिवशी त्याने अठरा होल एक्क्याण्णव फटक्यांत संपवले. इतक्या कमी फटक्यांत तो आजवर कधी खेळला नव्हता. परतताना तो आधी दुकानाकडे वळला. शटर खाली होतं.

“प्रणाली श्रीवर्धनला गेली,” अनंता म्हणाला. “सुपारी उतरवायला घेतलीय त्यांच्याकडं. सोमवारी येईल.” त्याने कार्ड वाचलं. “एक्क्याण्णव? वा साहेब! नोंदवू या. पण मार्करची सही न्हाय याच्यावर. सोबतच्याची लागते.”

“सोबत कोन नव्हता.”

“निकेत शेठ आत नाश्ता करतायत. आनतो त्यांची. नुसती सही तर करायची, कोन विचारतंय?”

आतून कपबश्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. तुळशीरामने क्षणभर तिकडे बघितलं.

“नको,” तो म्हणाला. “त्यांनी बघितलं न्हाय.”

त्याने अनंताचं पेन घेतलं. टेबलावर वाकून खेळाडूच्या रेघेवर सावकाश पूर्ण नाव लिहिलं, तुळशीराम पांडुरंग घरत. शेजारची रेघ कोरी ठेवली. शाई वाळेपर्यंत थांबला, आणि घडी पडू नये म्हणून कार्ड तळहातावर आडवं धरून गाडीकडे चालू लागला.