आंबिलीतली पुडी

“घरी काही गावठी औषध, काढा, भस्म घेता का?” डॉक्टरांनी विचारलं आणि मला रागच आला.

“सर, मी अठ्ठावीस वर्षं नर्स हाय. बाळंतिणींच्या हातातल्या असल्या पुड्या हिसकावून मोरीत वतल्यात मी. मी घेईन व्हय?”

“काका, तुम्हाला काही माहीत आहे?” त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं.

हे शेजारच्याच खुर्चीत होते, मांडीवर टोपी घेऊन. “न्हाई,” म्हणाले. टोपीकडे बघतच म्हणाले. पण मोठ्या डॉक्टरांपुढे त्यांची मान कधीच वर होत नाही, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. लिव्हरचा आकडा दहापट चढला होता. “हे इंजेक्शन तुमच्याच पेशींना जागं करून कॅन्सरवर सोडतं,” ते म्हणाले. “कधी कधी त्या लिव्हरवरही तुटून पडतात. दुसरं काही कारण सापडत नाही, म्हणजे इंजेक्शनाचाच परिणाम धरावा लागेल. आता ते बंद. पुन्हा देता येणार नाही.”

“मंग दुसरं काय हाय?”

“बघू,” म्हणाले. बघूचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. मीच किती जणांना बघू म्हणून वाटेला लावलंय.

माझ्या टाचेवर काळा डाग आला होता. मी त्याला कुरूप समजले. नर्स ना मी! वर्षभर ब्लेडने खरवडलं, वर पट्टी लावली आणि चौसाळ्याकडच्या वस्त्या लसीकरणासाठी पायी पालथ्या घातल्या. संभाजीनगरला कळलं तेव्हा उशीर झाला होता. कातडीचा कॅन्सर, आपल्याकडे फारसा न दिसणारा, आणि जांघेतून फुप्फुसात पोचलेला. टाचेचं मांस काढलं. मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून ते इंजेक्शन सुरू झालं, आणि चार डोसांनंतर फुप्फुसातल्या गाठी निम्म्या झाल्या. त्या दिवशी बीडच्या स्टँडवर आम्ही दोघांनी उभ्या उभ्या पेढे खाल्ले. वनमाला, तू जगतेस गं बाई, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं.

आणि ह्यांचं तर काय कौतुक सांगू! ज्या माणसाने जन्मात कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो इंजेक्शन सुरू झाल्यापासून रोज सकाळी माझ्यासाठी ज्वारीची आंबील करायला लागला. स्वतः ढवळायचे, स्वतः वाटी हातात द्यायचे, संपेपर्यंत पुढ्यात बसायचे. मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटले, नवरा असावा तर आमच्या बजरंगरावांसारखा. आंबील जरा कडसर लागायची. पण इंजेक्शनाने तोंडाची चव जाते, हे मीच त्यांना समजावून सांगितलं होतं.

दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी हे रानात गेले होते. मी गूळ शोधत होते. पिठाच्या डब्यामागे चहापत्तीचा जुना डबा निघाला आणि त्यात वर्तमानपत्राच्या पुड्या. नऊ. एक उघडली. राखाडी भुकटी. चाखून बघायची गरजच पडली नाही. रोज सकाळी वाटीतून येणारा वास तोच होता.

दुपारी हे आले. मी पुड्या जात्यावर मांडून ठेवल्या होत्या.

“हे काय हाय?”

ह्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, “छबुअक्कानं आणून दिल्या.” छबुबाई म्हणजे माझी थोरली नणंद, गेवराईला असते. “नदीपल्याड एक बाबा हाय. लई जणांना गुण आलाय.”

“मला सांगितलं कावून न्हाई?”

“रोग्याला कळू द्यायचं नसतंय. कळलं की लागू पडत न्हाई.”

“आन् डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तवा?”

“तू एवढी ठणकावून बोललीस. मी हो म्हणलो असतो तर तुझा शब्द पडला असता चारचौघात.”

“शब्द चाटू का मी? अहो, जीव जातोय माझा! त्याच्यानंतर बी चार दिस पाजलंत!”

“कोर्स मधीच सोडू नये म्हणून...”

हे वाक्य माझं. घरोघरी जाऊन मीच ते सांगत आलेय. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

“आन् गाठी बारीक झाल्या त्या कशानं?” आता त्यांचाही आवाज चढला. “पुड्या चालू केल्या तवाच झाल्या ना? बाबा म्हणतो त्याच्यानंच.”

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर राखण केली म्हणून सांगतंय! माझं इंजेक्शन, माझं मिळालेलं आयुष्य ह्या माणसाने मायेने ढवळून घालवलं होतं. दुष्टाव्याने केलं असतं तर मी शिव्या तरी दिल्या असत्या. ह्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांची कीव येत नव्हती.

त्रास झाला तर फोन करा म्हणून डॉक्टरांनी नंबर दिला होता. तो लावून, स्पीकर चालू करून मी फोन ह्यांच्या हातात दिला. “तुमी बोला. मी न्हाई बोलणार.”

अडखळत बोलले, पण सगळं बोलले. नणंदेचं नाव तेवढं गाळलं. मग डॉक्टर म्हणाले, “पुड्या आजपासून बंद. घेऊन या, तपासू. दर आठवड्याला रक्त तपासा. त्यामुळेच झालं असेल आणि आकडा उतरला, तर इंजेक्शनाचा पुन्हा विचार करता येईल. पण आत्ता मी शब्द देऊ शकत नाही.”

फोन ठेवून हे चुलीपाशी गेले. चहा केला, दोन कप आणले, एक माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, “ह्यातला आधी तुमी प्या.”

त्यांनी माझा कप उचलला आणि उभ्यानेच सगळा पिऊन टाकला. रिकामा कप मला दाखवला. “बघ. काय न्हाई त्यात.”

नव्हतंच काही. मलाही कळत होतं. तरी मी भिंतीला धरून उठले, पातेलं घासून घेतलं आणि माझा चहा मी वेगळा टाकला.